फाशाला लावलेला कौल

आसावरी खोटं बोलायची, आणि तेही दर रविवारी, दुपारी एक ते पाच. एरवी आठवडाभर तिच्याइतकं खरं माणूस बारामतीत शोधून सापडलं नसतं. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. भलेभले बागायतदार येऊन गळ घालायचे, "मॅडम, तेवढा क्षार जरा कमी दाखवा की. जमिनीला गिऱ्हाईक आलंय." ही चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "मातीत जे आहे तेच कागदावर येणार. न्यायचा तर न्या." अशी बाई! आणि रविवारी हीच बाई पुठ्ठ्यामागं बसून धडधडीत थापा मारायची.

त्याचं असं, की ती एक खेळ चालवायची. मैदानावरचा नाही आणि मोबाईलवरचाही नाही. टेबलाभोवती बसून खेळायचा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. दार उघडायचं की नाही, राक्षसाशी भिडायचं की धूम ठोकायची, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. आणि जमलं की फसलं ते सांगायला वीस तोंडांचा एक फासा. नियमांची वही चारशे पानांची, सगळी आसावरीच्या हातची. कुठल्या शस्त्राला किती वजन, कुठलं विष किती घटकांत चढतं, सगळं त्यात. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते बघून तिनं पाण्याखालचं एक अख्खं शहर रचलं होतं. नाव निजनगर. गेली तीन वर्षं तिघं जण त्या शहराकडं निघाले होते आणि अजून वेशीवरच होते.

तिघांतल्या पहिल्या प्रमोदिनीकाकू. शाळेतून निवृत्त झालेल्या, पासष्टीच्या, खेळात चेटकीण. दुसरा यशराज. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, खेळात चोर. "आणि दुकानात?" असं काकूंनी विचारलं की तोच आधी हसायचा. तिसरा ऋषिराज, शेळगावचा. लोणी देवकरला एका कंपनीत मशीनवर होता. अठ्ठावीस वर्षांचा गडी, पण बोलायला महाकंजूष. खेळात तो महिपती नावाचा भालाईत. तो बोलायचा नाही ते सगळं महिपती बोलायचा.

आता थापांचं सांगतो. राक्षसांच्या बाजूचा फासा आसावरी टाकायची, तो पुठ्ठ्याच्या मागं. बियाण्याच्या कॅलेंडरचे तीन पुठ्ठे चिकटवून केलेला आडोसा होता तो. आत काय पडलं ते तिलाच दिसायचं आणि ती सांगेल तो आकडा. महिपतीवर घाव बसायची वेळ आली की हिचा जीव खालीवर व्हायचा. इतके रविवार राबून ऋषिराज घरी जाऊन रडेल बिचारा, असं वाटायचं. मग अठरा पडलेला ती चार सांगायची. एकदा नाही, दोनदा नाही, महिपतीला तिनं मरणाच्या दारातून चार वेळा ओढून आणलं होतं. आणि तरी तिचा फासा कडक म्हणून गाजला होता, कारण पहिल्याच वर्षी तिनं काकूंची पहिली चेटकीण मारली होती. काकू आठ दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या. त्या एका मरणावर आसावरीची सगळी इमानदारी उभी होती बघा.

त्या रविवारी सकाळी ती मटकीला फोडणी देत होती आणि फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मॅडम, मी उत्कर्षा. ऋषिराजदादाची भन."

"बोला ना. काय झालं?"

"दादाला सांगू नका मी फोन केलता. आईची आण हाय तुमाला."

आसावरीनं गॅस बंद केला.

उत्कर्षानं सांगितलं ते असं. ऋषिराजची आई दगडाबाई, वय एकसष्ट, गेला महिनाभर डोकं धरून बसायची. पुण्याला नेऊन फोटो काढला तर मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला. डॉक्टरांनी हात जोडूनच सांगितलं, की ऑपरेशन केलं तर टेबलावर जाऊ शकतात, एक अंग लुळं पडू शकतं. नाही केलं तर फुगा उद्या फुटेल, नाहीतर वीस वर्षंही फुटायचा नाही. दोन्हीकडं सारखंच. गुरुवारची वेळ दिली होती. करायचं की नाही ते आज संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं, नाहीतर ती वेळ दुसऱ्याला.

"मग आईंना काय वाटतं?" आसावरीनं विचारलं.

"आई म्हणती, ऋषी म्हणंल तसं. चुलते न्हाय म्हणत्यात. मी करा म्हणती. तीन दिसात दोनदा बोलता बोलता तिची जीभ अडली, मॅडम. पर दादा सही करायला भितोय. आमचं वडील, तात्या, त्यांच्या ऑपरेशनच्या वक्ताला त्यानंच सही केलती. तात्या परत आलं ते गाडीत आडवं. तवापासनं म्हणतोय, माझ्या हाताला यश न्हाय."

"मग?"

"मग काय! परवा देवाला कौल लावला. आमच्यात लावत्यात. उजवं फूल पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाय. दोन तास बसला. एक बी फूल हललं न्हाय. गुरव म्हणला, देव बोलत न्हाय आज." उत्कर्षाचा आवाज फाटला. "आन काल रातच्याला मला म्हणतोय, आता ताईंच्या फाशाला कौल लावलाय. रविवारी महिपती वेशीतनं जिता आत गेला तर ऑपरेशन. मेला तर आई घरला."

आसावरीच्या हातातला झारा खाली ओट्यावर कधी ठेवला गेला ते तिलाही कळलं नाही. ती तिथंच फरशीवर बसली.

"मी आज खेळच ठेवत नाही," ती म्हणाली. "ताप आलाय म्हणून सांगते."

"नगा मॅडम! खेळ झाला न्हाय तर डावा कौल धरणार हाय तो. आन त्याला कुणी बोलून दाखवलं तर कौल बाटतो, तवा बी न्हायच. मी तुमाला सांगितलं हे बी त्याला कळाया नगं." तिनं आवाज आणखी खाली आणला. "तुमचा फासा खरा असतोय म्हणं लई. तरी बी मॅडम, आज तेवढा उजवा पाडा की."

फोन ठेवला तरी आसावरी तशीच बसून राहिली. मटकी करपली असती, गॅस बंद होता म्हणून वाचली. तिला भीती वाटत होती, आणि भीती कसली ते तिला स्वच्छ कळत होतं. एक बाई जगायची की मरायची हे तिच्या हातात आलं होतं आणि हात झटकायला जागा नव्हती. महिपतीला वाचवलं आणि गुरुवारी ती बाई टेबलावर गेली, तर कुणी मारलं? आसावरीनं. महिपतीला मारलं आणि शेळगावच्या पडवीत त्या फुग्यानं डाव साधला, तर कुणी मारलं? पुन्हा आसावरीनंच. अरे देवा, माझंच घर सापडलं का तुला!

दुपारी एकला बेल वाजली. यशराज आला तो नेहमीसारखा वेफर्सची पाकिटं घेऊन. काकू आल्या त्या घाम पुसत, मार्चमध्ये हे असं तर मे महिन्यात काय, असं म्हणत. ऋषिराज शेवटी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि कपाळाला बुक्का होता. खेळाला कुणी बुक्का लावून येतं का? यशराज म्हणाला, "काय रं, लगीन ठरलं का काय?" ऋषिराज ओठांतल्या ओठांत हसला आणि खुर्चीच्या काठावर बसला. बसल्या बसल्या त्यानं फोन टेबलावर ठेवला, पालथा. आसावरीनं त्याच्याकडं बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिचा चेहराच बोलला असता.

तिनं गोष्ट सुरू केली. आवाज आपला नव्हेच असं वाटत होतं. पाणी उतरलंय, चिखलातून वेशीची कमान वर आलीय, कमानीवर शेवाळ, आत अंधार. एरवी असं सांगताना तिला मजा यायची. आज ती वहीवर बोट ठेवून वाचत होती. तिनं वेळ काढायला बघितलं. वाटेत एक कोडं घातलं, काकूंनी दोन मिनिटांत सोडवलं. चिखलात सापळा घातला, यशराजच्या चोरानं तो हसत हसत काढला. "आसावरीताई, आज लई सोपं चाललंय," यशराज म्हणाला. माणसं नेमकी नको तेव्हा हुशार होतात!

तीन वाजले. साडेतीन झाले. पाण्याचा तांब्या रिकामा झाला, तिनं उठून भरला, पुन्हा उठून भरला. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. परत यावंसंच वाटेना. बाहेरून ऋषिराजचा आवाज आला, "ताई, यायलाय ना?" त्या आवाजात इतकी घाई होती की ती तशीच बाहेर आली.

चार वाजून दहा मिनिटांनी वेशीचा राखणदार पाण्यातून वर आला. तो येणारच होता. वहीत तीन वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता, आणि तो पडल्याशिवाय वेस उघडायची नाही असा नियमही तिनंच केला होता. चेटकिणीचे मंत्र संपले. चोर चिखलात पडला. महिपतीनं भाला फेकला, राखणदाराच्या छातीत घुसला, पण राखणदार पडला नाही. महिपतीच्या जिवाचे चारच गुण उरले होते. आता राखणदाराचा एक घाव. अकरा किंवा वर पडलं तर महिपती संपला. दहा किंवा खाली पडलं तर घाव हुकणार, आणि पुढच्याच दमात राखणदार आपोआप कोसळणार, एवढा तो घायाळ होता. बरोब्बर निम्मं निम्मं. पुण्याच्या डॉक्टरांसारखंच.

"टाका, ताई," ऋषिराज म्हणाला.

आसावरीनं फासा मुठीत धरला. घामानं तो निसटायला लागला. आडोशामागं टाकायचा, काय पडेल ते पडू दे, आपण सात म्हणायचं. उत्कर्षाची विनवणी कानात होती. सात म्हणणं काही अवघड नव्हतं, चार वेळा म्हटलेलं होतं. पण सात म्हटलं की ते ऑपरेशन आसावरीचं. गुरुवारी त्या बाईला गुंगी देतील ती आसावरीच्या शब्दावर. आणि मग तिच्या मनात आलं, की खरा फासा टाकला तर? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकला तर? मग जे होईल ते फाशानं केलं. आपण कोण? आपण नुसता आकडा वाचला, मातीचा वाचतो तसा. हा विचार येताच तिला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. भित्रेपणाला प्रामाणिकपणाचं नाव द्यायला माणसाला काही वेळ लागत नाही!

तिनं आडोसा उचलला आणि घडी घालून बाजूला ठेवला.

"अगं, हे काय?" काकू म्हणाल्या.

"आज उघड्यावर," आसावरी म्हणाली आणि फासा सोडला.

फासा टेबलावरून घरंगळत गेला, वेफर्सच्या पाकिटाला अडला, तिथून वळला आणि ऋषिराजच्या पालथ्या फोनशी जाऊन थांबला. चौघंही वाकले.

सतरा.

यशराजनं जीभ चावली. ऋषिराज त्या आकड्याकडं बघत राहिला, मग त्यानं मान वर करून आसावरीकडं बघितलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत. भर बाजारात आईचा पदर हातातून सुटल्यावर लेकरू बघतं, तसं बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "आज आडोसा का काढला वो?"

"खरं पडावं म्हणून," आसावरी कशीबशी म्हणाली.

"खरं?" त्याचा आवाज एकदम चढला. तीन वर्षांत त्या घरात त्याचा आवाज कधी चढला नव्हता. "खरं कुणाला पायजे हुतं? मला काय म्हाईत न्हाय व्हय? तीन वर्सं झाली, महिपतीवर एक बी घाव नीट बसला न्हाय. मी दिसभर मशीनवर आकडं बघतो, ताई. किती येळा काय पडावं, एवढं कळतं मला. तुमी मला मारत न्हाय, हे मला पयल्या सालापासनं ठाऊक हाय!"

"मग... मग कौल..." आसावरीच्या तोंडून निसटलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"म्हंजी तुमालाबी कळलंय." त्यानं मान हलवली. "उत्कर्षीनं सांगितलं असंल. जाऊ द्या. आवो, देवाच्या फुलाचं काय, ते कुठं बी पडंल. त्याला कुठं माझी दया येती? तुमाला येती. म्हणून तुमच्याकडं आलो. कुणीतरी म्हणावं, ऋषी, कर. माझं मला म्हणवंना. तात्यांच्या वक्ताला म्हणलो हुतो मी."

"कसला कौल? काय चाललंय काय?" काकू विचारत होत्या. ऋषिराज घड्याळाकडं बघत होता. भिंतीवर पाचला वीस मिनिटं कमी होती.

ऋषिराजनं फोन उचलला. "पडलं ते पडलं," तो म्हणाला. "आता आईला घरीच ठेवतो." नंबर दोनदा चुकला.

आसावरीला वाटलं, आपण आत्ता गप्प बसलो तर सुटलो. कुणी आपल्याला कधी काही म्हणणार नाही. फासा खरा होता, सगळ्यांनी बघितला. पण बोलता बोलता अडणारी ती जीभ तिला दिसायला लागली, शेळगावच्या घरात, भाकरीचं पीठ मळताना, सगळे शेतात गेलेले असताना. तिनं टेबलावरून हात लांबवून त्याचं मनगट धरलं.

"ऑपरेशन करायचं," ती म्हणाली.

"सतरा पडलं, ताई."

"खड्ड्यात गेला तो फासा! मी सांगते. आडोसा नाही, खेळ नाही, मी सांगतेय तुला. जीभ अडते म्हणजे फुगा गप्प बसलेला नाही. तू फोटोही बघितलास, उत्कर्षाचंही ऐकलंस, तुला मनातून करायचंच आहे. कर."

"काय झालं तर?"

"तर माझ्या दारात येऊन मला शिव्या घाल. जन्मभर घाल."

त्यानं तिच्याकडं टक लावून बघितलं. "नक्की?"

तिला नक्की काहीच माहीत नव्हतं. मातीतला क्षार आणि पालाश तेवढा तिला कळायचा. आणि तरी ती म्हणाली, "नक्की."

ऋषिराजनं फोन लावला. पलीकडून उचलल्यावर तो उभा राहिला. "मी दगडाबाईंचा मुलगा," एवढं म्हणाला, आणि पुढं त्याला काही बोलताच येईना. खांदे हलायला लागले. यशराज उठून त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. ऋषिराजनं डोळे पुसले आणि फोनमध्ये म्हणाला, "हितं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्याशी बोला." आणि फोन आसावरीच्या हातात दिला.

"हॅलो," पलीकडून एका बाईचा घाईतला आवाज आला. "गुरुवारचं करायचंय ना? नक्की धरू का?"

"हो. करायचंय."

"नाव सांगा तुमचं. आणि पेशंटच्या कोण लागता?"

नाव तिनं सांगितलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की दगडाबाई गोऱ्या की सावळ्या, उंच की बुटक्या, एवढंसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. जिला आपण जन्मात बघितलं नाही, तिच्या डोक्याला आपण हात घालायला सांगतोय.

"मॅडम, ऐकू येतंय ना? कोण तुम्ही त्यांच्या?"

"मुलगी," आसावरी म्हणाली. "थोरली मुलगी. गुरुवारी मी येतेय तिथं."

तिनं फोन बंद करून ऋषिराजला दिला. मग प्रमोदिनीकाकू शेजारी खुर्ची ओढून तिचे हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून बसल्या.